पाकाशिवाय लाडू

संध्याकाळचे पाच वाजतात. शाळा सुटते. पोरे दप्तर टाकतात आणि आधी डबे उघडून बघतात. सकाळची भाकरी संपलेली असते. रात्रीचा स्वयंपाक व्हायला अजून तीन तास असतात. शेतावरून नाहीतर चार घरची धुणीभांडी करून आलेल्या आईच्या अंगातही त्राण नसते. मग काय होते? पोराच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवले जातात. पोर दुकानात जाते आणि चकचकीत पुडी घेऊन येते. पुडी फोडली की निम्मी हवा, निम्मे वेफर. दोन घास होतात आणि भूक तशीच राहते.

ही मधली भूक आपण क्षुल्लक समजतो. पण वाढत्या मुलाचे पोट लहान आणि गरज मोठी. दोन वेळच्या जेवणात त्याला लागते तेवढे सगळे मावत नाही. म्हणून मधल्या वेळी थोडेसेच, पण कसदार असे काही पोटात जायला हवे. ते घरात तयार असले पाहिजे. आल्या आल्या हाताशी आले पाहिजे. नाहीतर पुडी आहेच.

त्यासाठी आज आपण लाडू करू या. याला पाक नको, तूप नको, भट्टी नको. चूल पेटवायची ती फक्त दाणे आणि तीळ भाजण्यापुरती. मोठ्या शहरांत असेच लाडू आता 'एनर्जी बॉल' म्हणून लहानशा खोक्यात घालून विकतात. नाव नवे, किंमतही नवी. माल मात्र आपल्या फडताळातलाच आहे: खजूर, शेंगदाणे, तीळ, खोबरे.

सासूबाई विचारतील, "पाकाशिवाय लाडू वळायचा कसा? हातात भुगाच राहील की!"

प्रश्न रास्त आहे. आपण पाक करतो तो कशासाठी? कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून. इथे ते काम खजूर करतो. खजुराचा गर चिकट असतो, कारण त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. ती झाडानेच घातलेली असते. शिवाय शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. दाणे कुटले की ते सुटू लागते. चिकट गर आणि सुटलेले तेल यांनी लाडू बांधला जातो. पाकाची तार बघत बसायला नको, आणि पाक पुढे गेला म्हणून लाडू दगडासारखे झाले, असेही व्हायचे नाही.

आता माप. एक मोठी वाटी घ्या, जिच्यात दाणे साधारण दीडशे ग्रॅम मावतील अशी. त्या वाटीने एक वाटी शेंगदाणे, एक वाटी बिया काढलेला मऊ खजूर, पाव वाटी तीळ, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस आणि पाव वाटी बेदाणे. वासाला दोन वेलदोडे किंवा चिमूटभर सुंठ. मिठाची एक कणी टाकली तर गोडी उठून दिसते. एवढ्यात लहान लिंबाएवढे पंधरा-सोळा लाडू होतात.

करण्याआधी निवडायचे काम आहे. आमच्या मते लाडू चांगला होतो की वाईट, ते इथेच ठरते.

दाणे सुपात घ्या आणि उजेडात बसा. काळा पडलेला, सुरकुतलेला, बुरशीची पांढरी-हिरवी छटा आलेला, कडू वास येणारा दाणा बाजूला काढा. तो कोंबड्यांनाही घालू नका. असे का म्हणतो ते सांगतो. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे मोठे पाळीव पक्षी पटापट मरू लागले. काही महिन्यांत एक लाखावर पक्षी मेले. रोग कोणता ते कळेना. शोध घेता घेता त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर संशय गेला. पेंड ब्राझील देशातून आलेली होती आणि तिला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन असे नाव पडले. हे विष माणसाच्या यकृतालाही बाधते आणि फार दिवस पोटात जात राहिले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. भाजल्याने ते पुरते जात नाही. "भाजले की सगळं मरतं" असे आपण म्हणतो. बुरशी मरते, पण तिने सोडलेले विष बरेचसे दाण्यातच राहते. म्हणून ओलसर पोत्यातले स्वस्त दाणे घेऊ नयेत. घरचे असतील तर शेंगा कडकडीत वाळवून ठेवाव्यात आणि लागतील तशा फोडाव्यात. शेंगेच्या टरफलात दाणा जास्त दिवस चांगला राहतो.

खजूर मऊ, काळा, ठोकळ्यासारखा दाबलेला मिळतो तो चालतो. महागातला नको. आपल्या बाजारातला बराचसा खजूर समुद्रापलीकडून, इराण, इराक आणि अरबस्तानाकडून येतो. कच्छातही खजुराची झाडे पुष्कळ आहेत, पण तिथली फळे पावसाळ्याच्या तोंडाला बहुतेक ताजीच खपतात. रमजानच्या महिन्यात बाजारात खजुराच्या नाना जाती येतात. तेव्हा चवीने पाहून घ्यावा. प्रत्येक खजूर उभा चिरा, बी काढा आणि आत बघा. कधी कधी आत कीड असते. आख्खा खजूर मिक्सरात टाकणे म्हणजे कीडही दळून खाणे. बी राहिली तर मिक्सरचे पाते जाते, नाहीतर कुणाचा तरी दात.

बेदाणे सांगली-तासगावकडचे आपल्याला सगळीकडे मिळतात. द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती आधी एका द्रावणात बुडवतात आणि मग सावलीत जाळ्यांवर पसरतात. तेव्हा बेदाणे कोमट पाण्यात धुऊन घ्यावेत हे बरे. मात्र धुतल्यावर ते कापडावर पसरून चांगले सुकू द्या. ओले राहिले तर लाडू चार दिवसांत आंबेल. त्यापेक्षा आदल्या दिवशीच धुवून ठेवावेत.

आता भाजणे. दाणे मंद आचेवर भाजा. मोठ्या आचेवर साल जळते आणि दाणा आत कच्चा राहतो. खमंग वास सुटला आणि साल बोटाने सुटू लागली की उतरवा. गार झाल्यावर चोळा आणि सुपाने पाखडा. थोडी साल राहिली तरी काही बिघडत नाही. उलट सालीत चोथा असतो, तो पोटाला बराच. तीळ वेगळे भाजा. ते लगेच होतात. तडतडू लागले की खाली. करपले तर कडू होतात आणि ते काही झाकता येत नाही. खोबऱ्याचा कीस गरम तव्यावर नुसता परतून घ्या, म्हणजे त्यातला ओलसरपणा जाईल.

तीळ घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बाजारात पांढरेशुभ्र, साल काढलेले तीळ मिळतात. दिसायला सुंदर. पण हाडांना लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, तिळाच्या सालीतच बहुतेक असतो. साल असलेल्या शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. साल काढली की त्याचा थोडासाच भाग उरतो. तेव्हा मळकट दिसणारे गावरान तीळच घ्या. संक्रांतीला हलव्यासाठी पांढरे घ्या हवे तर.

सगळे पुरते गार झाले की दाणे जाडसर कुटा. खलबत्ता असला तर उत्तम. मिक्सर असला तर थांबून थांबून फिरवा. एकसारखा फिरवला की भांडे तापते, तेल जास्त सुटते आणि कुटाचा गोळा होऊन तळाशी बसतो. कूट काढून ठेवा. मग खजूर आणि बेदाणे पाट्यावर वाटा किंवा मिक्सरातून काढा. परातीत कूट, तीळ, खोबरे, वेलदोड्याची पूड आणि खजुराचा गर एकत्र करा. कणीक तिंबतो तसे तळहाताने मळा. पहिल्यांदा वाटेल, हे काही जमत नाही. मळत राहा. हाताच्या उबेने तेल सुटते आणि गोळा जमून येतो. तरीही भुगा राहिला तर आणखी दोन-तीन खजूर वाटून घाला. पाणी मात्र घालू नका. दूधही नको. मूठ दाबून लहान लाडू वळा. झालं!

पाणी नको, यामागे कारण आहे. हे लाडू न शिजवता टिकतात, कारण त्यांत पाणी थोडे आहे आणि जे आहे ते खजुराच्या साखरेने धरून ठेवले आहे. जंतूंना वाढायला मोकळे पाणी लागते. ते इथे मिळत नाही. ओले खोबरे, पिकलेले केळे किंवा दूध घातले की ते मिळते. मग लाडू त्याच दिवशी संपवावे लागतात. लोणच्याच्या बरणीत आपण ओला चमचा घालत नाही. इथेही हात आणि भांडी तशीच कोरडी हवीत. हात साबणाने धुवून, पुसून, वाळवून मगच कामाला लागा. पुढे हे मिश्रण चुलीवर जायचे नाही, म्हणून हाताची घाण मारायला आच नाही, हे ध्यानात असू द्या.

आमच्या वर्गांत एक प्रश्न हमखास येतो. "बदाम-काजू घातले नाहीत तर त्यात कस कुठला?"

हा समज आपल्या मनात फार घट्ट बसला आहे. बदाम म्हणजे श्रीमंताचा आणि शेंगदाणा म्हणजे गरिबाचा. पण मोजून पाहा. शंभर ग्रॅम बदामात सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात. काजूत १८. शेंगदाण्यात २५. प्रथिने म्हणजे अंगाची बांधणी करणारा भाग. डाळीत असतात तीच. आणि शेंगदाणा हा खरे तर डाळींच्याच कुळातला. भुईमूग हे नावच बघा ना! मूळ दक्षिण अमेरिकेतला हा दाणा आपल्या जमिनीत असा रुजला की आता पाहुणा वाटत नाही. बदामाचे स्वतःचे गुण आहेत, ते आम्ही नाकारत नाही. घरात असतील तर चार घाला. नसतील तर त्यापायी लाडू अडवून ठेवू नका, आणि उधारीवर तर मुळीच आणू नका.

एका लाडवात साधारण तीन ग्रॅम प्रथिने येतात. एका अंड्यात सहा असतात. म्हणजे दोन लाडू झाले की प्रथिनांचे माप अंड्याइतके भरते. दोन लाडू आणि वर पाणी, एवढ्याने मुलाची दोन तासांची भूक भागते.

पण एक गोष्ट सांगितली नाही तर आम्ही तुम्हाला फसवले असे होईल. "खजूर खा, रक्त वाढेल" असे गावोगाव सांगतात. आपल्या देशात रक्त कमी असणाऱ्या बायका थोड्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघरी पाहणी केली, तेव्हा पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायकांत ५७ जणींचे रक्त कमी निघाले. जिना चढताना धाप लागते, कामाला हात उठत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बाई म्हणते, "वयच झालं." वय नसते ते. अंगात लोह कमी असते.

आता हिशोब बघा. मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. शंभर ग्रॅम खजुरात ते एक मिलिग्रॅमच्या आसपास असते. आपल्या लाडवात तीळ आणि दाणे आहेत म्हणून थोडे जास्त येते. तरी एका लाडवात एक मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे लाडू हे अन्न आहे, औषध नव्हे. ज्या बाईला आशाताईंनी किंवा दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, तिने गोळ्या चालूच ठेवाव्यात. "मी आता लाडू खाते, गोळी कशाला?" असे म्हणू नये. पोटुशी असेल तिने तर नाहीच.

जे थोडे लोह लाडवात आहे ते तरी वाया जाऊ नये. दाण्यातले आणि तिळातले लोह चहाबरोबर नीट अंगी लागत नाही. चहा ते अडवतो. आंबट फळ त्याला मदत करते. म्हणून लाडू चहात बुडवून किंवा चहाबरोबर खाऊ नका. तास-दीड तास जाऊ द्या. त्याऐवजी लाडवाबरोबर पेरूची फोड, आवळा, नाहीतर लिंबाचे पाणी द्या. थंडीत तर पेरू आणि आवळा दोन्ही स्वस्त असतात.

किती खावे? मुलांनी एक-दोन, मोठ्यांनी एक-दोन. एका लाडवात शंभराच्या आसपास उष्मांक असतात. दिवसभर खुरपणी करणाऱ्याला ते पचून जातात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने बसल्या बसल्या सहा खाल्ले तर पोट सुटेल. साखर वरून घातली नाही म्हणून लाडवात साखर नाही, असे होत नाही. खजुराची गोडी साखरेचीच आहे. मधुमेह असलेल्या माणसाने "हा तर बिनसाखरेचा" म्हणून डबा पुढे ओढू नये. डॉक्टरांना विचारून अर्धा-एक खावा आणि तो जेवणाच्या हिशोबात धरावा. खजूर दाताला चिकटतो. मुलांना खाल्ल्यावर चूळ भरायला लावा.

लहान लेकरांची काळजी वेगळी. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात आख्खा शेंगदाणा देऊ नये. तो घशात न जाता श्वासाच्या नळीत जातो. मूल हसता हसता किंवा रडता रडता खात असले तर फारच लवकर. अशा मुलांसाठी दाण्याचे कूट अगदी बारीक करा, बेदाणे वाटूनच घाला आणि लाडू मोडून, बसवून, समोर राहून भरवा. कुणाकुणाला शेंगदाणा मुळातच सोसत नाही. खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर तडक दवाखाना गाठावा आणि पुन्हा दाणा देऊ नये.

खजूर मिळाला नाही तर गुळाचा लाडू आहेच. आपल्या आज्या उपासाला करीत आल्या तो. एक वाटी कुटाला अर्धी वाटी मऊ, चिरलेला गूळ. दोन्ही खलबत्त्यात एकत्र कुटले की तेल सुटते आणि लाडू वळतो. गूळ कोरडा असला तर चमचाभर तूप लागते. खारकांचा लाडूही चांगला, पण खारीक वाळकी असते, तिच्यात चिकटपणा नाही. तिची पूड करावी लागते आणि वळायला गूळ-तूप लागतेच. बाळंतिणीसाठी खारीक-खोबरे करतात ते वेगळे काम आहे, त्याला वेळ द्यावा लागतो.

आता पुडीकडे वळू. तुम्ही आता वाचू लागला आहात, तर पुडीची मागची बाजू वाचा. बहुधा इंग्रजीत असते. शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा. आत काय काय घातले आहे त्याची यादी तिथे छापावीच लागते. ज्याचे वजन सगळ्यांत जास्त त्याचे नाव पहिले, मग उतरत्या क्रमाने बाकीची. पुष्कळ बिस्किटांवर पहिले नाव मैद्याचे असते, मग साखर आणि पामतेल. वर चित्र बदामाचे असले तरी यादीत बदाम कितवा आहे ते मोजा. तयार खजूर-लाडवाच्या खोक्यावरही हेच करा.

पैशाचा हिशोबही तुमचा तुम्ही मांडा. भाव गावागावाला आणि महिन्यामहिन्याला वेगळे, म्हणून आम्ही आकडे देत नाही. वहीत एकाखाली एक लिहा: दाणे दीडशे ग्रॅम, इतके रुपये. खजूर दीडशे ग्रॅम, इतके रुपये. तीळ, खोबरे, बेदाणे तसेच. बेरीज करा. लाडू मोजा. बेरजेला लाडवांच्या संख्येने भागा. एका लाडवाचा दर निघाला. त्याच्या शेजारी पुडीची किंमत लिहा आणि पुडीवर वजन किती ग्रॅम छापले आहे तेही लिहा. पुडी स्वस्त दिसते ती हवेमुळे. बचत गटाच्या बायकांनी लाडू विकायचे मनात आणले, तर हाच हिशोब आधी करावा. विक्रीसाठी अन्न सुरक्षा खात्याची नोंदणीही लागते, ती करून घ्यावी.

लाडू घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, चुलीपासून लांब. थंडीत पंधरा दिवस राहतात. पावसाळ्यात आठवड्यात संपवावेत, म्हणून तेव्हा निम्म्या मापानेच करावेत. सगळ्यांत आधी खवट होते ते खोबरे. फार दिवस ठेवायचे असतील तर खोबरे गाळा आणि तीळ वाढवा. डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर केल्याची तारीख आणि लाडवांची संख्या आपल्या हाताने लिहा. डबा उघडताना आधी वास घ्या. खवट किंवा आंबूस वास आला, की लाडू टाकून द्या.